राणीचे मरण तिकीट लावून दाखवावे का?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका तरुण मराठी मंडळाने मला एक प्रश्न विचारला आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. येत्या जूनमध्ये, राणी लक्ष्मीबाईंच्या बलिदानदिनाच्या सुमारास, मैदानावर तीन रात्रींचे महानाट्य करण्याचा त्यांचा विचार आहे. झाशीचा पाडाव, तिथली कत्तल, काल्पीची वाट आणि शेवटी ग्वाल्हेरची लढाई असा आराखडा ठरला आहे. खरे घोडे, तोफांचे बार, तिकीट, प्रायोजक, खाण्याचे स्टॉल हे सगळे त्यात आहे, आणि जादा पैसे भरणाऱ्या प्रेक्षकाला शिपायाचा पोशाख चढवून लढाईत उतरण्याची सोयही आहे. ज्यांचे सासरचे घराणे झाशीहून इकडे आले, अशा मंडळातील एका ज्येष्ठ काकूंनी या बेताला हरकत घेतली. "आमच्या घरात ज्या दिवसाविषयी आवाज खाली आणून बोलतात, त्याची तुम्ही जत्रा मांडता आहात," असे त्या म्हणाल्या. ही हरकत नुसती भावनेची आहे की तिच्यात काही तथ्य आहे, आणि तथ्य असेल तर कार्यक्रम सोडूनच द्यावा का, असे मंडळाने विचारले आहे.

काकूंच्या हरकतीत तथ्य आहे, आणि कार्यक्रम सोडून देण्याची गरज मात्र नाही. तीसेक वर्षे ग्वाल्हेर आणि आसपासच्या गावांत नाटके बसवल्यावर, आणि त्यांत दोन मैदानी महानाट्ये केल्यावर, मी हे लिहितो आहे. त्यांतल्या पहिल्या महानाट्यात माझ्या हातून जी चूक झाली ती सांगितल्याशिवाय मला तुम्हाला सल्ला देण्याचा अधिकार नाही.

तेव्हाही विषय हाच होता. झाशीच्या कत्तलीसाठी मी आसपासच्या महाविद्यालयांतील साठ मुले 'प्रेते' म्हणून घेतली होती. लाल दिवे, धुराचे यंत्र, ध्वनिमुद्रित किंकाळ्या, आणि त्यावर स्त्रियांच्या आवाजातला आलाप असा सगळा थाट होता. महानाट्यात संवाद आधी मुद्रित केलेले असतात आणि नट त्यावर ओठ हलवतो, त्यामुळे दिग्दर्शकाला प्रयोगाच्या वेळी फारसे काम उरत नाही. म्हणून मी प्रेक्षकांत जाऊन मागे उभा राहिलो होतो. कत्तल सुरू झाली आणि पहिल्याच बाराला शिट्ट्या पडल्या. माझ्यापुढे एक गृहस्थ मुलाला खांद्यावर घेऊन उभे होते आणि "वो देख, वो गिरा, वो भी गिरा" असे मोजून दाखवत होते. राणीचे पडणे मी मुद्दाम लांबवले होते. संगीत हळूहळू चढत जाई आणि ती घोड्यावरून उतरून, तलवार टेकत, जवळजवळ सहा मिनिटांनी जमिनीवर येई. त्या रात्री ती जमिनीवर आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्या एकाही वाक्याला टाळी पडली नव्हती, ती तिच्या मरणाला पडली. दिवे गेले तेव्हा मंचावरच्या प्रेतांपैकी तिघांच्या हातांत मोबाइल चमकत होते. आयोजकांनी मला मिठी मारली. मी घरी आलो आणि जेवलो नाही, एवढेच सांगतो.

त्या टाळीचा दोष प्रेक्षकांच्या माथी मारणे सोपे आहे, पण टाळी दिग्दर्शक लावतो. जिथे संगीत चढवून अचानक थांबवावे तिथे माणसाचे हात आपोआप एकत्र येतात, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. मी लग्नाच्या वरातीत वापरावे ते तंत्र मसणात वापरले होते, आणि लोकांनी वरातीसारखी दाद दिली.

यानंतर मी भरतमुनींकडे परत गेलो. वास्तविक तिथून सुरुवात करायला हवी होती. नाट्यशास्त्रात एक नियम आहे, जो आपण विद्यार्थिदशेत पाठ करतो आणि नंतर जुनाट म्हणून सोडून देतो. युद्ध, राज्याचा नाश, मरण आणि नगराला पडलेला वेढा या चार गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या लहान प्रवेशात पात्रांच्या तोंडून कळवाव्यात. तुमचा आराखडा या यादीशेजारी ठेवून पाहा. झाशीचा वेढा, राज्य जाणे, ग्वाल्हेरची लढाई, राणीचे मरण. चारही नेमक्या त्याच गोष्टी आहेत आणि चारही तुम्ही अंकात घेतल्या आहेत.

हा नियम सोवळेपणातून आला, असे मला पूर्वी वाटे. आता वाटते की तो अनुभवातून आला असावा, आणि त्याचा पुरावा त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात आहे. पहिले नाटक इंद्राच्या ध्वजोत्सवात झाले आणि त्याचा विषय होता देवांनी दैत्यांचा केलेला पराभव. म्हणजे पहिले नाटक हेच मुळात लढाईचे पुनर्दर्शन होते, जिंकणाऱ्यांच्या उत्सवात, हरलेल्यांच्या देखत केलेले. दैत्य चिडले. त्यांनी आणि विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मरणशक्ती गोठवून टाकली. इंद्राने ध्वजाचा दंड घेऊन त्यांना झोडपले, तरी उपद्रव थांबला नाही. नाट्यगृह बांधून त्याला रक्षक नेमावे लागले, आणि शेवटी ब्रह्मदेवाला दैत्यांशी बोलणी करून सांगावे लागले की नाट्य एकट्या देवांचे नाही, तुमचेही बरेवाईट त्यात आहे. ज्या कलेच्या जन्मकथेतच पराभूतांच्या तक्रारीची नोंद घेतली गेली आहे, त्या कलेचे आपण वारस आहोत. तुमच्या काकूंनी तोंड उघडले याचे मंडळाला आश्चर्य वाटायला नको होते.

नियम पाळून मोठे नाटक होत नाही, असे कोणी म्हणेल तर भासाचे 'ऊरुभंग' पाहावे. भीम आणि दुर्योधन यांचे गदायुद्ध त्यात रंगमंचावर होत नाही. तीन सैनिक येऊन ते वर्णन करून सांगतात. रंगमंचावर येतो तो मांड्या मोडलेला, सरपटणारा दुर्योधन, ज्याचा लहान मुलगा नेहमीप्रमाणे मांडीवर बसायला धावतो आणि त्याला बसता येत नाही. मरण भासाने दाखवले आहे, म्हणजे नियम त्याने अर्धा मोडला आहे, पण ते हरलेल्याचे मरण आहे आणि त्यात पाहण्याजोगा पराक्रम नाही. भवभूतीनेही लव आणि चंद्रकेतू यांचे युद्ध आकाशातून पाहणाऱ्या विद्याधर जोडप्याच्या तोंडी दिले. त्याच्या 'मालतीमाधवा'तील पद्मावती नगरी म्हणजे आपल्या ग्वाल्हेर जिल्ह्यातील पवाया. गाडीने तासा-दीड तासात तिथे जाता येते, आणि मंडळाच्या सहलीसाठी मी ती जागा अनेकदा सुचवली आहे, कोणी जात नाही. त्याच भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'च्या शेवटच्या अंकात रामापुढे सीतेच्या त्यागानंतरच्या हालांचे नाटक केले जाते आणि राम इतका कोसळतो की हे नाटक आहे, याची लक्ष्मणाला त्याला आठवण द्यावी लागते. ज्याचे दुःख आहे तोच पहिल्या रांगेत बसला आहे, हे गृहीत धरून लिहिलेला दुसरा प्रवेश मला माहीत नाही. मैदानी कार्यक्रमाच्या बैठकव्यवस्थेचा नकाशा काढताना तो प्रवेश डोळ्यांपुढे ठेवावा.

परदेशातील दोन प्रसंग इथे उपयोगी पडतील, कारण ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. इसवी सनापूर्वी ४९४ मध्ये इराण्यांनी मिलेटस हे ग्रीक शहर उद्ध्वस्त केले. अथेन्सचे त्या शहराशी जवळचे नाते होते. थोड्याच काळात फ्रिनिकस या नाटककाराने त्यावर नाटक केले, तेव्हा सगळे नाट्यगृह रडले, आणि अथेन्सकरांनी आपल्याच घरच्या दुःखाची आठवण करून दिली म्हणून त्याला हजार द्राख्मांचा दंड ठोठावून ते नाटक पुन्हा करण्यास मनाई केली. दुसरा प्रसंग ऑक्टोबर १९७६ मधला, अमेरिकेतील टेक्ससचा. तिथे एका विमानप्रदर्शनात हिरोशिमावरच्या अणुबाँबहल्ल्याचे पुनर्दर्शन झाले. ज्याने ६ ऑगस्ट १९४५ रोजी ते विमान नेले होते तो पॉल टिबेट्स स्वतः बी-२९ विमान घेऊन आला आणि खाली जमिनीवर स्फोट करून कुत्र्याच्या छत्रीच्या आकाराचा ढग उठवण्यात आला. हिरोशिमाच्या महापौरांनी निषेध केला आणि अमेरिकी सरकारला जपानची क्षमा मागावी लागली. अथेन्समध्ये प्रेक्षक दुःखाच्या फार जवळ होते आणि टेक्ससमध्ये फार दूर. पहिल्या ठिकाणी नाटककाराला दंड झाला, हा मला अन्याय वाटतो, कारण त्याच्या प्रेक्षकांना कोण मेले ते ठाऊक होते. दुसऱ्या ठिकाणी मेलेल्यांतला एकही माणूस कल्पनेतसुद्धा त्या मैदानावर हजर नव्हता, फक्त ढग होता. माझ्या त्या प्रयोगातील साठ प्रेतांचे असेच झाले होते. त्यांतल्या एकालाही नाव नव्हते.

प्रेक्षकाला पोशाख चढवून लढाईत उतरवण्याच्या तुमच्या कल्पनेविषयी वेगळे लिहायला हवे, कारण पैसा तिथूनच येणार हे मला कळते. अमेरिकेत यादवी युद्धाच्या लढायांचे असे खेळ हौशी लोक मोठ्या प्रमाणावर करतात. १९६१ मध्ये बुल रनच्या लढाईच्या शताब्दीला त्याच रणभूमीवर हजारोंच्या सहभागाने असा खेळ झाला आणि त्यावर बरीच टीका झाली. आज तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेचा नियम असा आहे की तिच्या ताब्यातील जागेवर समोरासमोर गोळीबार करणे, माणसे पडल्याचे दाखवणे किंवा हातघाईची लढाई करणे यांना मनाई आहे. बंदूक कशी भरत, छावणीत स्वयंपाक कसा होई, जखम कशी बांधत, हे दाखवायला हरकत नाही. मला ही रेघ शहाणपणाची वाटते. सहभाग हवाच असेल तर लोकांना तोफेचा गाडा ओढायला लावा, जूनच्या उन्हात भरलेली पखाल पाठीवर घेऊन शंभर पावले चालायला लावा. झाशी-ग्वाल्हेरच्या त्या मोहिमेत इंग्रजांचा सेनापती सर ह्यू रोज याला स्वतःला अनेकदा ऊन लागले होते, आणि कुंचच्या लढाईत त्याची माणसे उन्हाने पडली. शंभर पावले चाललेल्या मुलाला ते समजेल. लाकडी तलवार फिरवणाऱ्याला फक्त स्वतःचा फोटो मिळेल.

आता खरेपणाचा प्रश्न. मूळ घटना जशी घडली तशी दाखवतो, असे तुमच्या पत्रकाच्या मसुद्यात लिहिले आहे. ती तशी कोणालाच दाखवता येणार नाही. राणी १७ जून १८५८ रोजी कोटा की सराय येथील लढाईत पडली, असे इंग्रजांच्या कागदांत आहे, आणि आपण दिवस पाळतो तो १८ जूनचा. घाव तलवारीचा होता की गोळीचा, आधी कोणता लागला, यावर वृत्तान्त जुळत नाहीत. तिच्यावर बाबा गंगादासांच्या मठात अग्निसंस्कार झाला आणि तिथल्या साधूंनी शव इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून प्राण दिले, अशी आपल्या शहराची परंपरा सांगते. 'बडी शाला' म्हणतात त्या मठात आजही त्या साधूंची संख्या ७४५ सांगतात. रोजने मात्र तिला ग्वाल्हेरच्या डोंगराखाली चिंचेच्या झाडापाशी पुरल्याचे आणि आपण तिची हाडे व राख पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. मूल पाठीशी बांधलेली राणी हे चित्र परंपरेने झाशी सोडतानाचे आहे, तरी प्रत्येक मैदानी प्रयोगात ते ग्वाल्हेरच्या लढाईपर्यंत तसेच बांधलेले असते. दामोदरराव तेव्हा नऊ वर्षांच्या आसपास होते आणि रामचंद्रराव देशमुख त्यांना सांभाळत होते. अंकात प्रत्यक्ष दाखवायचे म्हटले की या सगळ्यांतला एकच पर्याय निवडून तोच खरा म्हणून मांडावा लागतो. सांगायचे म्हटले तर मात्र दोन माणसे दोन तऱ्हांनी सांगू शकतात आणि प्रेक्षकाला कळते की मरणाच्या भोवती गोंधळ असतो. वृत्तान्त जुळत नाहीत ही अडचण समजू नका. नाटक तिथेच आहे.

झाशीची कत्तल घेणार असाल तर आणखी एक प्रश्न टाळता येणार नाही. ८ जून १८५७ रोजी झाशीच्या जोखनबागेत सुमारे साठ युरोपियन मारले गेले, त्यांत बायका आणि मुले होती. पुढच्या एप्रिलमध्ये शहर पडल्यावर इंग्रजांनी जे केले त्याला त्यांनी याच घटनेचा आधार घेतला. राणीचा त्यात हात होता की नव्हता यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे आणि मला स्वतःला तो नव्हता असेच वाटते, पण बायकामुले मेली यावर वाद नाही. तुम्ही जोखनबाग गाळलीत तर एप्रिलची कत्तल आकाशातून पडल्यासारखी होईल. दाखवलीत तर त्या मुलांच्या मरणालाही लाल दिवा आणि धूर देणार का? माझ्या प्रयोगात मी ती गाळली होती. कारण मी स्वतःला वेळेचे दिले होते, ते खरे नव्हते.

ग्वाल्हेरची गोष्ट तर आणखी नाजूक आहे, आणि ती इथल्या मराठी माणसाने तरी हातचे राखून सांगू नये. १ जून १८५८ रोजी राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांच्यापुढे जयाजीराव शिंद्यांची फौज मोरारजवळ उभी राहिली आणि तिच्यातले बहुतेक शिपाई त्यांना जाऊन मिळाले. महाराज आग्र्याकडे निघून गेले. त्यानंतर फुलबागेत दरबार भरला, शहरात उत्सव झाले, आणि १६ जूनला रोजने मोरार घेतले. आपल्या मंडळातील निम्मी घराणी शिंद्यांच्या चाकरीत इथे आली, कारकून म्हणून, शिलेदार म्हणून, कोठीवर, मुदपाकखान्यात. त्या पंधरा दिवसांत त्यांचे पूर्वज कोणाच्या बाजूला होते? बहुतेकांना माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते बोलत नाहीत. मैदानी प्रयोगात एक बाजू निळ्या दिव्यात येते, दुसरी लाल दिव्यात, आणि ज्याला कोणता दिवा द्यावा हे ठरत नाही तो माणूस प्रयोगातून नाहीसा होतो. मला विचाराल तर तुमचे खरे नाटक १ ते १७ जून या दिवसांत आहे. राजवाडा मोकळा पडला आहे, पंगती उठताहेत, शत्रू येतो आहे हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या गोंधळात एक बाई मोर्चे बांधा म्हणून सांगते आहे. यात एकही प्रेत लागत नाही.

यावर मंडळातील कोणी म्हणेल की मग ताबूत कसे चालतात? प्रश्न रास्त आहे. मोहरमात करबलाचे दुःख दरवर्षी रस्त्यावर येते, आणि ग्वाल्हेरात तर शिंद्यांच्या घराण्याने ताबुताचा मान पिढ्यान्‌पिढ्या राखला आहे. पण तिथे तिकीट काढून पाहणारा कोणी नसतो. मिरवणुकीतला प्रत्येक जण शोक करायला आलेला असतो, आणि जो नुसता पाहायला येतो तोही आपण पाहुणे आहोत हे जाणून कडेला उभा राहतो. म्हणजे दुःख पुन्हा उभे करणे एवढ्याने ते बाजारू होत नाही. ते कोणापुढे आणि कोणत्या नात्याने उभे केले, हे पाहावे लागते. तानसेन समारोहाची सुरुवात हजिऱ्यातील समाधीपाशी ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने होते, हे आपण सगळे जाणतो. समाधीपुढे कसे बसावे हे या शहराला शिकवायला नको.

सांगण्याची रीत तर आपल्या भाषेत इतकी मुरलेली आहे की ती सोडून आपण चित्रपटाच्या मागे का लागलो याचेच मला नवल वाटते. पोवाड्यात शाहीर एका डफावर आणि तुणतुण्यावर अख्खी लढाई उभी करतो. तोच अफझलखान, तोच महाराज, तोच पळणारा हुजऱ्या, आणि कोणीही जमिनीवर पडत नाही. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा उपरणे कमरेला बांधून रणांगण सांगतात आणि पुढच्याच क्षणी तेच उपरणे खांद्यावर टाकून अभंगावर येतात. पानिपतानंतर दक्षिणेत जे पत्र गेले, त्यात दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असे लिहिले होते. १४ जानेवारी १७६१ चे सगळे रक्त त्या सावकारी हिशेबात आहे आणि एकही थेंब दिसत नाही. त्याच लढाईत पायाला जखम होऊन जन्मभर लंगडणाऱ्या महादजींनी पुढे आपले हे शहर मिळवले, म्हणून हा हिशेब आपल्याही घरचा आहे.

दुसऱ्या महानाट्यानंतर दोन वर्षांनी मी एक लहान प्रयोग केला, तो इथे मुद्दाम सांगतो. वरसईचे विष्णुभट गोडसे मथुरेच्या यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने कोकणातून निघाले, झाशीच्या वेढ्यात सापडले, जिवंत परतले आणि म्हातारपणी त्यांनी 'माझा प्रवास' लिहिला. तो पुस्तकरूपाने १९०७ मध्ये आला. एका सभागृहात, चाळीस-पन्नास माणसांपुढे, एका नटाने पाटावर बसून त्यातला झाशीचा भाग वाचला. नेपथ्य म्हणजे एक समई आणि पाण्याचा तांब्या. कत्तलीला गोडसे भटजी 'बिजन' म्हणतात. तो शब्द पहिल्यांदा आला तेव्हा तरुण मुलांना कळला नाही, दोन पाने उलटेपर्यंत कळून चुकला. लुटीच्या पाळ्या लागलेल्या, एका पलटणीने एक न्यावे, दुसरीने दुसरे, हे ते इतक्या सरळ वाक्यांत सांगतात की वाचणाऱ्या नटाला कुठे आवाज चढवावा ते सापडेना, आणि मी त्याला चढवू नकोस म्हणून सांगितले. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी धुळीने माखलेली राणी भेटते. भटजी पाणी शेंदायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते आणि स्वतः शेंदून ओंजळीने पिते. इथे नटाने ठरलेले नसताना तांब्या उचलला, भांड्यात पाणी ओतले आणि प्यायला नाही, तसाच हातात धरून वाचत राहिला. संपल्यावर टाळी पडली नाही. माणसे उठायलाही थोडा वेळ लागला. त्या रात्री मी जेवलो.

पन्नास माणसांचे वाचन आणि हजारोंचे मैदान यांत फरक आहे आणि मंडळाचा खर्च वाचनाने निघणार नाही, हे मान्य. मोठ्या प्रमाणावरही हे करता येते. सोमच्या लढाईचा पहिला दिवस, १ जुलै १९१६, हा ब्रिटिश सैन्याचा सर्वांत भीषण दिवस होता, त्या एका दिवसात त्यांचे १९,२४० सैनिक मेले. शताब्दीला, १ जुलै २०१६ रोजी, ब्रिटनभर सुमारे चौदाशे स्वयंसेवक त्या काळच्या गणवेशात रेल्वेस्थानकांवर, बाजारात नुसते येऊन उभे राहिले. ते बोलत नव्हते. कोणी काही विचारले तर ते एक कार्ड हातात देत, त्यावर त्या दिवशी मेलेल्या एका सैनिकाचे नाव असे. लढाई कुठेच नव्हती आणि देशभर होती. महाराज बाड्यावर, फुलबागेच्या फाटकाशी, मोरारच्या बाजारात सकाळी सात वाजता असे काही घडले तर काय होईल, याचा विचार करून पाहा. नावे मिळतील तेवढीच घ्या, दोन्ही बाजूंची घ्या, आणि जिथे नाव मिळत नाही तिथे कार्ड कोरे ठेवा.

तिकिटाविषयी माझे मत मंडळाला कदाचित अनपेक्षित वाटेल. तिकीट लावा. कलाकारांना, दिवेवाल्यांना, मंडपवाल्याला पैसे द्यावे लागतात, आणि फुकटच्या कार्यक्रमाचे पैसे शेवटी प्रायोजकाच्या फलकातून निघतात. माझ्या त्या प्रयोगात राणी पडत असताना तिच्या मागे एका गुटख्याचा फलक उजळलेला होता, कारण करारात दिवा चालू ठेवण्याची अट होती. प्रेक्षकाने प्रामाणिकपणे दिलेले शंभर रुपये त्यापेक्षा स्वच्छ.

घोडे नकोत. आपल्याकडे अशा कार्यक्रमाला घोडे येतात ते वरातीतले, बहुतेक घोड्या. त्यांना बँडची सवय असते, तोफेच्या बाराची नसते. तालमीत एक घोडी बुजून दोरखंड ओलांडून खुर्च्यांत शिरली होती, रिकाम्या खुर्च्या होत्या म्हणून निभावले. शिवाय प्रदर्शनासाठी प्राणी वापरायचा तर प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि ती केल्याशिवाय घोडे आणणाऱ्याला कागद विचारण्याची हिंमत तुमच्यापैकी कोणी दाखवणार नाही. एक रिकामे खोगीर हातात घेऊन येणारा मोतद्दार पुरे आहे. तोफेचे बारही नकोत. पहिल्या रांगांत वयस्क माणसे असतात आणि त्यांच्या हृदयाचा विचार वीररसापेक्षा आधी येतो.

शेवट कुठे करावा, हे विचारले नसले तरी सांगतो. राणीच्या मरणावर करू नका. ती १७ तारखेच्या सकाळी निघते तिथे तिला जाऊ द्या, पुढचे दोन माणसांच्या दोन तऱ्हेच्या सांगण्यातून येऊ द्या, आणि मग दामोदररावांवर या. आई गेल्यावर हा मुलगा मोजक्या माणसांबरोबर जंगलांतून वणवण फिरला, पुढे इंग्रजांच्या पेन्शनवर इंदुरात राहिला आणि १९०६ पर्यंत जगला. झाशी त्याला परत मिळाली नाही. एवढी वर्षे तो दर जूनमध्ये काय करत असेल, हे कोणी लिहून ठेवलेले मला आढळले नाही, आणि तुम्हीही रचून घालू नका. इंदुरातल्या एका घराची उजळलेली खिडकी दाखवली तरी चालेल.

पहिल्या तालमीला त्या काकूंना बोलवा, मत विचारायला नव्हे, नुसते बसायला. त्यांच्याकडे घरात चालत आलेले काही असेल आणि त्यांना सांगावेसे वाटले तर सांगतील, नाही तर नाही. त्यांचे सांगणे मुद्रित करण्याआधी त्यांना विचारा. प्रयोग संपल्यावर नटांनी ओळीत उभे राहून अभिवादन करू नये, कारण ते टाळी मागणे होते. दिवे सावकाश लावा आणि राणीच्या समाधीकडचे फाटक उघडे ठेवा, ज्याला जायचे तो पायी जाईल. जूनची रात्र असेल, लोकांना तहान लागेल. वाटेत दोन रांजण भरून ठेवा, आणि त्यांवर कोणाचा फलक लावू नका.